शरीर कळते, कामाचे काय?

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना अर्गोनॉमिक्सचे वेगळे प्रशिक्षण द्यावे, असे कोणी सुचवले की बैठकीतल्या जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर सभ्य कंटाळा पसरतो. त्यांचे म्हणणे साधारण असे: साडेचार वर्षे आम्ही हाडे, स्नायू, सांधे आणि मज्जातंतू घोटले आहेत. वाकल्यावर मणक्यावर किती भार येतो हे आम्हांला नाही कळायचे तर कोणाला? शिवाय कम्युनिटी फिजिओथेरपीच्या पेपराला अर्गोनॉमिक्सचा धडा होताच. उरते काय, तर खुर्चीची उंची आणि संगणकाचा पडदा. ती हिंजवडीच्या कंपन्यांची हौस. आमच्या ओपीडीत रांगेत बसलेल्या हमालाला आणि मोलकरणीला तिचा काय उपयोग?

या पूर्वपक्षाला एक अधिक शिकलेला भाऊही आहे. तो पुराव्यानिशी बोलतो. त्याच्या मते कामगारांना ‘नीट उचला, नीट बसा’ शिकवण्याचे प्रयोग जगभर झाले, त्यांची काटेकोर तपासणी झाली आणि हाती काही लागले नाही. मग हेच आता थेरपिस्टच्या गळ्यात कशाला बांधता? पहिल्या भावाला उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्याला द्यायचे तर त्याचे बरेचसे म्हणणे आधी मान्य करावे लागते.

आधी सोपे. ज्याला शरीर कळते त्याचे शरीर कामावर सुरक्षित राहते, हे गृहीतक तपासायला सगळ्यांत चांगले लोक म्हणजे खुद्द फिजिओथेरपिस्ट. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात क्रोमी, रॉबर्टसन आणि बेस्ट या संशोधकांनी तिथल्या नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टांची पाहणी केली; ती २००० साली प्रसिद्ध झाली. कामामुळे उद्भवलेले हाडा-स्नायूंचे दुखणे कधी ना कधी भोगलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के निघाले. दर सहांमागे एकाने त्यापायी कामाचे क्षेत्र बदलले होते किंवा व्यवसायच सोडला होता. कमरेचे दुखणे सर्वांत जास्त, हे अपेक्षितच होते. पण हाताने सांधे मोकळे करणाऱ्यांत अंगठ्याच्या तक्रारीही ठळक होत्या. त्यातही बऱ्याच अवयवांच्या बाबतीत तरुण थेरपिस्ट अधिक हैराण होते. म्हणजे ज्यांचे शरीरशास्त्र सर्वांत ताजे, तेच आधी जायबंदी.

याच मंडळींनी पुढे थेरपिस्टांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून दिसले ते आकड्यांहून बोलके आहे. ‘मला सगळे माहीत आहे, तेव्हा मला होणार नाही’ हा विश्वास. आणि झालेच तर ‘रुग्णासाठी एवढे सोसायचेच’ ही सेवावृत्ती. या दोन्हींच्या मध्ये पलंगाची उंची कोणी मोजायचीच राहून गेली. आपल्याकडच्या कोणत्याही जनरल वॉर्डात जाऊन पाहा. लोखंडी खाट, उंची कमी-जास्त करण्याचा दांडा कधीचा गंजलेला, दोन खाटांच्या मधल्या जागेत नातेवाइकाची चटई आणि डब्याची पिशवी. अर्धांगाच्या रुग्णाला उठवून बसवायला तेविशीतली इंटर्न कमरेत वाकून उभी. तिला मणक्याच्या चकतीवरच्या दाबाचा आलेख विचारा, फळ्यावर बिनचूक काढील. पण आलेख माहीत असल्याने खाट वर येत नाही.

इथे थोडा हिशेब केला पाहिजे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीला, धरायला चांगली पकड आणि कुठेही पिळवटून वळणे नाही, अशा वेळी उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो येते. हे सूत्र खोक्यांसाठी आहे. माणूस खोक्यासारखा वागत नाही. तो मध्येच घाबरतो, लटपटतो, गळ्याला मिठी मारतो. म्हणून त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण हाताळण्यासाठी वेगळी मर्यादा सुचवली: ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. आता ९० किलो वजनाच्या माणसाचा एक पाय पाहा. पाय साधारण शरीराच्या सहाव्या हिश्शाइतका भरतो. म्हणजे १४-१५ किलो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर असा निर्जीव पाय हातांवर धरून व्यायाम देणारी थेरपिस्ट त्या एकाच पायात मर्यादेच्या काठावर पोचलेली असते. अख्खा माणूस खुर्चीत हलवण्याची गोष्टच सोडा.

ती गोष्ट ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरास यांनी सोडली नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहकार्य करणाऱ्या, जेमतेम ५० किलोंच्या ‘रुग्णा’ला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर हलवताना हलवणाऱ्याच्या कण्यावर पडणारा भार मोजला. एकट्याने उचलण्याच्या सगळ्या पद्धती धोकादायक निघाल्या. दोघांनी मिळून उचलल्यावरही धोका पुरता गेला नाही. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा: वाईट पद्धत आणि चांगली पद्धत यांतला फरक कामाच्या मूळ जडपणापुढे फिका पडतो.

आता दुसऱ्या, अधिक शिकलेल्या भावाकडे वळू. त्याच्या हातात भक्कम कागद आहेत. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॅल्ट्रॉय आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. अमेरिकी टपाल खात्यातले सुमारे चार हजार कर्मचारी, यादृच्छिक पद्धतीने केलेले गट, पाठीच्या काळजीचे रीतसर वर्ग, मधूनमधून उजळणी आणि साडेपाच वर्षे पाठपुरावा. शिकवणारे कोण, तर अनुभवी फिजिओथेरपिस्ट. निष्पन्न काय झाले? सुरक्षित कसे वागावे याचे कर्मचाऱ्यांचे ज्ञान वाढले. पाठीच्या दुखापती होत्या तितक्याच राहिल्या. पुढे फिनलंडच्या मार्टिमो आणि सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत रुग्ण हाताळणारे आरोग्य कर्मचारी होते, टपाल कर्मचारी होते, विमानतळावर सामान चढवणारे होते. उचलण्याचे तंत्र शिकवून पाठदुखी टळते, याला आधार सापडला नाही. इतकेच काय, पाठ वाकवून उचलणे हेच पाठदुखीचे कारण, या आपल्या लाडक्या सूत्रालाही ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या मंडळींनी २०२० साली धक्का दिला. उपलब्ध अभ्यासांत तसा संबंध त्यांना दिसला नाही. मात्र ते अभ्यास फारशा वरच्या दर्जाचे नाहीत, हेही त्यांनीच नोंदवले.

हे सगळे मला मान्य आहे. किंबहुना अर्गोनॉमिक्स थेरपिस्टला शिकवावे, असे मी म्हणतो ते याच पुराव्यामुळे. कारण या प्रयोगांत जे हरले ते अर्गोनॉमिक्स नव्हते. काम आहे तसेच ठेवायचे आणि माणसाला उपदेश करायचा, हा त्या शास्त्राचा उलटा मार्ग आहे. लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीतल्या स्टोव्हर स्नूक यांनी १९७८ सालीच तीन वाटा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या होत्या: तपासून माणसे निवडणे, माणसांना उचलायला शिकवणे आणि काम माणसाला साजेसे आखणे. पहिल्या दोन्हींनी फरक पडलेला दिसला नाही. तिसरीने कामावरच्या पाठीच्या सुमारे एक-तृतीयांश दुखापती टळू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. ब्रिटनच्या १९९२ च्या हाताळणीविषयक नियमांनी हाच क्रम कायद्यात बसवला: आधी धोक्याचे उचलणे टाळता येते का पाहा, टळत नसेल तर त्याची तपासणी करा, मग धोका कमी करा. सूचना, प्रशिक्षण वगैरे त्या ओघात, सुरुवातीला नाही.

तेव्हा दुसऱ्या भावाचा पुरावा खरा, पण तो ज्याच्यावर रोखला आहे ते निशाण चुकले. अप्रशिक्षित थेरपिस्ट जे करत आला, म्हणजे ‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’चा जप, त्याचाच तो पराभव आहे. प्रशिक्षणाचा पहिला फायदा म्हणजे हा जप सुटतो.

मग प्रशिक्षित थेरपिस्ट वेगळे काय करते? पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या बाईंचा उजवा खांदा घ्या. असा खांदा पुण्या-मुंबईच्या कोणत्याही ओपीडीत आठवड्याला दिसतो. नेहमीच्या तपासणीत दुखरा स्नायुबंध सापडतो. शेक, अल्ट्रासाउंड, रबरी पट्ट्यांचे व्यायाम सुरू होतात आणि शेवटी सल्ला दिला जातो, ‘ताई, जरा काम कमी करा.’ ताई मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कणकेच्या परातीसमोर उभ्या राहतात. दोन महिन्यांनी त्याच रांगेत.

प्रशिक्षित थेरपिस्ट शिंप्याची टेप घेऊन पोळपाटापाशी जाते. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर असते. पोळी लाटताना जोर लागतो. जोराच्या कामाचा पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली, दहा ते वीस सेंटिमीटर, असावा. म्हणजे पोळपाटाची वरची बाजू ७५ ते ८५ च्या दरम्यान हवी. ओटा ३४ इंची, म्हणजे ८६. त्यावर दोन इंचांचा पोळपाट ठेवला की झाले ९१. कोपर आणि पोळी यांत उरले चार सेंटिमीटर. आता वरून वजन टाकता येत नाही, म्हणून कोपरे बाहेर फाकतात, खांदे कानांकडे चढतात आणि लाटण्याचा सगळा जोर खांद्याच्या त्या दुखऱ्या स्नायुबंधातून येतो. हे शेकड्यांनी पोळ्या, रोज. त्यात शेगडी ओट्यावर ठेवलेली. तवा कोपराच्याही वर. पोळी उलटताना हात आणखी उचलला जातो. परातीत कणीक मळायला याहून जास्त जोर लागतो. म्हणजे तिला आणखी खालची जागा हवी, आणि तीही त्याच ओट्यावर.

हे एकदा कागदावर आले की उपाय स्वस्त असतात. लाटण्यापुरते वेगळे, खालचे टेबल. ते नसेल तर पायाखाली न डगमगणारी, दोन पावले ऐसपैस मावतील अशी लाकडी फळी. अरुंद पाट नव्हे, नाहीतर खांदा वाचून घोटा मोडायचा. परात जमिनीवर घेऊन बसून मळायला गुडघे परवानगी देत असतील तर तेही चालेल. लाटणारी आणि भाजणारी यांनी अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात. शेगडीसाठी ओट्यात खाच करून ती खाली बसवणे हे मालकाच्या पुढच्या दुरुस्तीच्या यादीत. खांद्याचे व्यायाम हवेतच, ते बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण आता त्या व्यायामाने कमावलेली ताकद रोज सकाळी ओट्यावर खर्ची पडत नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात खांदा सापडतो, पोळपाट सापडत नाही. पोळपाट मोजायची सवय शिकवावी लागते.

इटलीतल्या मोदेना येथे १७०० साली बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तू काम काय करतोस? आपण केसपेपरवर व्यवसायाचा रकाना ठेवून तो प्रश्न निकालात काढला. ‘गृहिणी’, ‘शेती’, ‘खाजगी नोकरी’. या तीन शब्दांतून कोणत्या सांध्यावर किती वेळा किती जोर पडतो हे कळणार असेल तर प्रशिक्षणाची खरेच गरज नाही.

यावर एक आक्षेप असा येतो की ही झाली गोष्ट. पुनर्वसनाचे फळ बदलते याचा पुरावा कुठे आहे? आहे, आणि तो आपल्या क्षेत्रातल्या उत्तम पुराव्यांपैकी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, शेरब्रुक येथे, पात्रिक ल्वाझेल यांच्या गटाने १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाठदुखीने चार आठवड्यांहून जास्त काळ कामावरून दूर असलेले कामगार घेतले. काहींना नेहमीचे उपचार, काहींना दवाखान्यातले पद्धतशीर पुनर्वसन, काहींना कामाच्या जागेतला हस्तक्षेप आणि काहींना दोन्ही. कामाच्या जागेतला हस्तक्षेप म्हणजे व्याख्यान नव्हे: अर्गोनॉमिस्ट, तो कामगार, त्याचा सुपरवायझर, व्यवस्थापन आणि युनियन यांचे प्रतिनिधी एकत्र बसून ते काम पाहत आणि बदल ठरवत. दोन्ही मिळालेला गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतला. आणि या यशातला मोठा वाटा दवाखान्याचा नव्हता, कामाच्या जागेचा होता.

नेदरलँड्समध्ये हीच कल्पना पुन्हा तपासली गेली. आनेमा आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात कामाच्या जागेत हस्तक्षेप झालेले कामगार मध्यगा धरून ७७ दिवसांत परतले, बाकीचे १०४ दिवसांत. त्याच अभ्यासात पायरीपायरीने वाढवत नेलेल्या व्यायामाने, एकट्याने दिल्यावर, परतणे लांबलेच. हे वाक्य आमच्या मंडळींना झोंबते, झोंबू दे. २०१० साली लाम्बीक यांच्या गटाने ‘बीएमजे’मध्ये जुनाट पाठदुखीवाल्यांचा प्रयोग मांडला. त्यात तोच व्यायाम कामाच्या जागेतल्या बदलांशी जोडला आणि त्या जोडणीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट व फिजिओथेरपिस्ट दोघेही होते. नेहमीच्या उपचारांनी कामावर पूर्ण परतायला मध्यगा २०८ दिवस, जोडउपचारांनी ८८. आणि वेदना? दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. म्हणजे आपण ज्या मोजपट्टीवर, दहापैकी किती दुखते यावर, आपले यश मोजतो, तिच्यावर हे दोन गट सारखेच दिसले असते. चार महिने आधी कामावर मात्र एकच गट परतला.

एक आक्षेप कार्यक्षेत्राचा आहे. ‘हे अर्गोनॉमिस्टचे काम, आपण दुसऱ्याच्या पानात का हात घालावा?’ शेरब्रुकला अर्गोनॉमिस्ट होता. इचलकरंजीच्या मागावर कोण आहे? शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत किंवा पवईच्या संस्थांमध्ये या विषयाचे जाणकार आहेत, पण मागावर उभे राहून मान धरलेला कामगार तिकडे जात नाही. तो जातो कोपऱ्यावरच्या फिजिओकडे. शिवाय हे पान मुळात दुसऱ्याचे नाहीच. शरीराच्या ठेवणीवरून कामाचा धोका मोजण्याची जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे ‘रीबा’. ती नॉटिंगहॅमच्या स्यू हिग्नेट आणि लिन मॅकॅटॅम्नी यांनी २००० साली मांडली. हिग्नेट मूळच्या फिजिओथेरपिस्ट. ती पद्धत बेतताना सहाशेहून जास्त शरीरस्थितींची नोंद ज्या चमूने केली त्यात अर्गोनॉमिस्टांबरोबर फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिका होत्या. जे हत्यार आपल्या भाईबंदांनी घडवले ते आपणच परके मानायचे, हा कसला सोवळेपणा?

आणि आपल्याकडचा इतिहास काय सांगतो? भारतातले ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाले. ते काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकी, लग्नाने महाराष्ट्राच्या. माणूस बरा होतो तो कामाला लागून, या विचारावर उभी राहिलेली ही विद्या. तिच्या पंचाहत्तर वर्षांनंतर तिच्या आणि तिच्या बहिणीच्या पदवीधरांना माणसाचे काम पाहायला शिकवावे की नाही यावर वाद घालावा लागतो, हे जरा विचित्रच.

आता मान्य करायची गोष्ट. बाजारात सध्या ‘अर्गोनॉमिक्स’ या नावाने जे विकले जाते त्यातले पुष्कळसे फुसके आहे. शनिवार-रविवारचा वर्ग, रविवारी संध्याकाळी चकचकीत प्रमाणपत्र, आणि सोमवारपासून कंपन्यांत जाऊन ‘आदर्श बैठकी’ची चित्रे दाखवणे. नव्वद अंशांचे गुडघे, नव्वद अंशांची कोपरे. अशी एकच आदर्श बैठक नसते. तासन् तास न हलणे हीच मोठी अडचण असते. काही वर्ग तर खुर्ची विकणाऱ्यांच्याच खर्चाने चालतात. आक्षेप घेणारे या बाजाराकडे बोट दाखवत असतील तर मी त्यांच्या बाजूला उभा आहे. पण भोंदू हस्तरेषावाल्यांमुळे कोणी हाताची शस्त्रक्रिया बंद करत नाही.

खरे प्रशिक्षण वर्गात कमी आणि कामाच्या जागी जास्त होते. काम पायऱ्यांत तोडणे, प्रत्येक पायरीचे वजन, उंची, अंतर, वारंवारता मोजणे. काम करणाऱ्याकडूनच काम समजून घेणे, कारण ठरलेली पद्धत आणि प्रत्यक्ष पद्धत यांत नेहमी अंतर असते. आणि बदल सुचवल्यावर महिन्याने जाऊन तो टिकला का पाहणे. शेवटचे कोणी करत नाही. फळी पायाखालून निघून कोपऱ्यात उभी असते आणि तिच्यावर बटाट्याची पोती.

हेच शिक्षण घरी जाऊन उपचार करणाऱ्यांच्या सर्वांत आधी उपयोगी पडते. पक्षाघाताचा रुग्ण बैठ्या दिवाणावर झोपलेला असतो. दिवाण जेमतेम दीड फुटाचा. सून त्याला उठवते. तिला उचलण्याचे तंत्र दाखवून येणारा थेरपिस्ट तीन महिन्यांत तिचीही केस उघडतो. दिवाणाच्या चारी पायांखाली खाच पाडलेले पक्के ठोकळे बसवून तो रुग्णाच्या गुडघ्याच्या किंचित वर आणला, खुर्ची चांगल्या बाजूला तिरकी लावली, कमरेला धरायचा पट्टा दिला आणि सरकण्याची गुळगुळीत फळी दिली, की उचलणे बरेचसे संपते. रुग्ण स्वतःच्या पायावर भार घेत वळतो. यात सुनेची कमर वाचते ती वेगळी. रुग्णाला दिवसातून आठ-दहा वेळा स्वतः उठण्याचा सराव मिळतो, जो आठवड्यातल्या तीन भेटींत कोणी देऊ शकत नाही. थेरपिस्टची कमर, सुनेची कमर आणि रुग्णाचे उठणे हे तीन प्रश्न दिसायला वेगळे. उत्तर चार ठोकळ्यांचे.

‘मालक ऐकत नाही’ हा आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. पण मालक कधीच ऐकत नाहीत हेही खरे नाही. त्यांना ऐकवावे लागते. धान्याची गोणी एकेकाळी शंभर किलोंची असे, आज ती पन्नासची आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे ज्यांची संघटना होती त्या हमालांनी जास्त वजनाच्या गोणीवरून बाजार समित्यांत वेळोवेळी काम थांबवले आहे. गोणीचे वजन कमी करणे हे शुद्ध अर्गोनॉमिक्स. ते हमालांनी कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय ओळखले. त्या भांडणात डॉक्टर किंवा थेरपिस्टचा मोजमापाचा कागद त्यांच्या हाती असता तर त्यांचे बळ वाढले असते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी आस्थापनेत काम करताना अपंगत्व आलेल्याला काढून टाकायला मनाई करतो आणि वाजवी सोयींची अपेक्षा ठेवतो. पण सोय वाजवी कोणती, हे त्या माणसाचे काम पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

आज आपण सांगतो ते असे: शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी कामगाराच्या हाती चिठ्ठी, ‘यांना हलके काम द्यावे.’ सुपरवायझर ती वाचतो, म्हणतो ‘इथं हलकं काम नाही, पूर्ण बरा झालास की ये’, आणि माणूस घरी बसतो. सुपरवायझर दुष्ट असतोच असे नाही. चिठ्ठीत त्याला करण्यासारखे काही लिहिलेलेच नसते. प्रशिक्षित थेरपिस्टची चिठ्ठी वेगळी असते. तीत लिहिलेले असते: गुडघ्याखालून काही उचलायचे नाही, गुडघा ते छाती या उंचीत ८ किलोंपर्यंत, तासाला दहापेक्षा जास्त वेळा नाही, बॉबिनची पेटी जमिनीऐवजी दोन फुटांच्या घोडीवर ठेवावी, मागावर सलग उभे राहणे ४० मिनिटे, मग पाच मिनिटे बसण्याची मुभा, हे तीन आठवडे, त्यानंतर मी येऊन पाहीन आणि वजन वाढवू. खाली सही आणि फोन नंबर. अशा चिठ्ठीला नाही म्हणायचे तर सुपरवायझरला निदान कोणत्या ओळीला नाही म्हणतोय हे सांगावे लागते.